चाळीस पुस्तकं, मोडी आणि उरलेले अठरा आठवडे

प्रश्नाचा गोषवारा: जानेवारीत तीन संकल्प केले. वर्षभरात ४० पुस्तकं वाचायची, मोडी लिपी शिकायची आणि बँकेतल्या बढतीसाठी सीएआयआयबीची परीक्षा द्यायची. आता ऑगस्ट संपत आला. ६ पुस्तकं पूर्ण झाली, ९ अर्धवट पडली आहेत. मोडीची बाराखडी दोनदा गिरवली, पण माहेरच्या ट्रंकेतले आजोबांचे जमिनीचे कागद उघडले तर एक ओळ लागत नाही. परीक्षेचा फॉर्म पहिल्या सत्राला भरलाच नाही. पाच वर्षांची मुलगी झोपली की रोज रात्री अर्धा तास मिळतो. दरवर्षी असंच होतं. आढावा घ्यायचा तरी कसा, आणि उरलेल्या चार महिन्यांत काय करायचं?

उत्तर:

तुम्ही बँकेत आहात, तेव्हा आधी आकडे मांडू.

४० पुस्तकं, सरासरी २५० पानांची, म्हणजे १०,००० पानं. दिवसभराच्या शिणानंतर अंथरुणावर पडून वाचलं तर अर्ध्या तासात पंधराएक पानं होतात. तुमचा वेग वेगळा असेल तर घड्याळ लावून एकदा बघा. तासाला ३० पानं धरली तर १०,००० पानांना ३३३ तास लागतात. ५२ आठवड्यांनी भागलं की आठवड्याला जवळपास साडेसहा तास. तुमच्या हातात आहेत साडेतीन. त्यातच मोडी बसवायची होती आणि परीक्षाही. म्हणजे हे खातं उघडलं त्याच दिवशी बुडीत होतं. रोज रात्री न चुकता वाचलं असतंत तरी ४० चा आकडा गाठला गेला नसता.

आता दुसऱ्या बाजूने बघा. ऑगस्टअखेर ३४ आठवडे झाले, म्हणजे फार तर ११९ तास. सहा पुस्तकांना ५० तास गेले. अर्धवट राहिलेल्या नऊ पुस्तकांची प्रत्येकी ८० पानं वाचली असं धरलं तर ७२० पानं, २४ तास. उरले ४५. त्यात दोनदा गिरवलेली बाराखडी, परीक्षेची पुस्तकं चाळलेल्या रात्री, मुलीचा ताप, पाहुणे आणि डोळा लागलेल्या रात्री. हिशेब जवळपास जुळतो. मिळालेला वेळ तुम्ही वापरलेला आहे, वाया फारसा गेलेला नाही. 'दरवर्षी असंच होतं' असं तुम्ही लिहिलंय, तर मागच्या वर्षीचे आकडेही असेच मांडून बघा. बहुधा हेच निघेल.

मी तालुक्याच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे आणि रविवारी मोडीचा वर्ग घेतो. दोन्हीकडे जानेवारीत गर्दी असते. काउंटरवर परत आलेलं पुस्तक मी आधी उघडून बघतो. खुणेसाठी घातलेलं एसटीचं तिकीट, औषधाच्या दुकानाची पावती, कधी सुकलेलं तुळशीचं पान बऱ्याचदा पहिल्या शंभर पानांतच अडकलेलं असतं. पुस्तक आणून देणारा मात्र म्हणतो, 'छान आहे, झालं वाचून.' कुणी विचारलेलं नसतं. आकड्याचं दडपण असलं की माणूस ग्रंथपालाशीही खोटं बोलतो, मग स्वतःच्या वहीशी बोलतो यात नवल काय?

वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेवायच्या गुडरीड्स या संकेतस्थळावर २०११ पासून वर्षाचा आकडा जाहीर करायची सोय आहे. लोक पुस्तकांच्या चळतीचे फोटो टाकतात. ज्याला त्यात मजा वाटते त्याने खुशाल टाकावेत. पण आकडा हेच उद्दिष्ट झालं की नोव्हेंबरात वाचक पातळ पुस्तकं शोधायला लागतो, हे मी दर वर्षी बघतो. 'शंभर पानांच्या आतलं काही आहे का हो?' हा प्रश्न त्या दिवसांत हमखास येतो. जाड पुस्तकाला हात लावायची भीती बसते आणि उरलेल्या वाचनाच्या पाट्या टाकल्या जातात.

तेव्हा आढावा घेताना जानेवारीची वही बाजूला ठेवा. फक्त मागचे चार आठवडे बघा. जानेवारीत कोणत्या उत्साहात होतो, मार्चएंडला काय झालं, हे आठवताना आपण स्वतःला एकतर माफ करतो नाहीतर झोडपतो. चार आठवड्यांचं खरं आठवतं. कोणत्या रात्री वाचलं, किती वाजता, काय हातात होतं, कुठे थांबलात आणि का, हे एका पानावर लिहून काढा. 'वेळ नव्हता' असं लिहू नका. त्या अर्ध्या तासात काय झालं ते लिहा: फोन, धुणं, सासूबाईंचं औषध, किंवा पुस्तकच कंटाळवाणं होतं. शेवटचं कारण आपण सगळ्यात कमी लिहितो, आणि अर्धवट पुस्तकांत तेच सगळ्यात जास्त असतं.

त्या नऊ पुस्तकांचं बोलू. एकेक हातात घ्या आणि न उघडता सांगा: कुठवर आलो होतो, पुढे काय होणार असं वाटतंय? ज्याचं उत्तर लगेच आलं ते उशाशी ठेवा. अशी दोन, फार तर तीन निघतील. बाकीची परत करा, नाहीतर कुणाला तरी देऊन टाका. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यांतलं तिसरं, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. चौथं, वाचकाचा वेळ वाचवा. तुमच्या उशाखाली अडकलेल्या त्या बाकीच्या सहा-सात पुस्तकांमुळे दोन्ही सूत्रं एकदम मोडतात. आवडलं नाही म्हणून सोडलेलं पुस्तक ही वाचकाची निवड आहे. वहीत त्याला वेगळा रकाना द्या आणि शीर्षक लिहा, 'सोडलेली'. पुढे कामाला येतो तो रकाना. वर्षभराने त्यावर नजर टाकली की आपल्याला काय मानवत नाही ते दिसतं. आमच्या एका वाचकाच्या त्या रकान्यात फक्त थोरामोठ्यांची चरित्रं होती. माणूस वर्षानुवर्षं कर्तव्य म्हणून ती नेत होता.

पूर्ण झालेल्या सहा पुस्तकांचाही आढावा घ्या, पण मोजून नव्हे. कोरा कागद घ्या आणि पुस्तक न उघडता प्रत्येकाबद्दल चार-पाच ओळी लिहा. कथानक सगळं यायला हवं असं नाही. एखादा प्रसंग, लेखकाशी झालेलं एखादं भांडण, एखादी नवी माहिती. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला होता. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून मग आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. गंमत अशी की पुन्हा वाचणाऱ्यांना आपल्यालाच जास्त लक्षात राहील असं वाटत होतं. शिकण्याच्या बाबतीत आपलं आपल्याला काय वाटतं याला फारशी किंमत नाही. म्हणून शिकण्यासाठी वाचलेलं पुस्तक संपल्यावर आठवडाभर थांबा आणि मग पाच ओळी लिहा. रंजनासाठी वाचलेल्या कादंबरीची मात्र परीक्षा घेऊ नका. ती वाचताना अर्धा तास बरा गेला, तेवढं पुरे.

मुलीला गोष्टी वाचून दाखवता ते धरायचं का, असंही तुम्ही विचारलंय. धरा, पण वेगळ्या पानावर, आणि तिथे फक्त तिने पुन्हा मागितलेल्या गोष्टींची नावं लिहा.

आता मोडी. इथे मला जास्त बोलायचं आहे, कारण तुमच्या तीन संकल्पांपैकी जीव असलेला हाच दिसतो. तुमचं मूळ पत्र बरंच लांब होतं. त्यात परीक्षेवर एक वाक्य आहे आणि आजोबांच्या कागदांवर अख्खा परिच्छेद.

बाराखडी गिरवली म्हणजे मोडी आली असं वाटतं आणि बहुतेकांचं घोडं नेमकं तिथेच पेंड खातं. सरावाच्या पुस्तकात किंवा ॲपवर दिसणारं अक्षर सुटं आणि नीटनेटकं असतं. २०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली, फॉन्ट आले, त्याचा फायदाच झाला. पण ट्रंकेतला कागद माणसाने घाईत लिहिलेला आहे. त्याने आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली आणि मग हात शक्यतो न उचलता तिला अक्षरं लटकवत गेला. दोन शब्दांमध्ये जागा सोडली नाही. विरामचिन्हं नाहीत. ओळ संपली तर शब्द मध्येच तोडून उरलेला खाली. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. 'र' तर शेजारी कोण आहे ते बघून रूप बदलतो. वर लघुरूपांची रेलचेल. बाराखडीच्या वहीत यातलं काहीच दिसत नाही, म्हणून ती तिसऱ्यांदा गिरवून काहीही साधणार नाही.

त्यात तुमचे कागद इंग्रजी अमदानीतले. मोडी वाचणारे सगळे सांगतील, आंग्लकालीन मोडी पेशवेकालीन मोडीपेक्षा अवघड. पेशवाईतला कारकून बोरूने, म्हणजे बरूच्या लेखणीने, लिहायचा. अक्षर भरीव, वळणदार, एकसारखं. पुढे टाक, म्हणजे धातूच्या निबाची लेखणी, आला, रेषा बारीक झाली, कचेऱ्यांतली कामं वाढली आणि अक्षर पळायला लागलं. म्हणजे नवशिकी असताना तुम्ही सर्वांत कठीण कागद आधी उघडलात, आणि तो लागला नाही म्हणून हिरमुसलात.

यातून वाट दोन बाजूंनी काढता येते. एकीकडे पेशवेकालीन पत्रांच्या छायाप्रती, ज्यांच्या शेजारी देवनागरी लिप्यंतर छापलेलं असतं, अशा मिळवा. लिप्यंतर झाकून वाचायचं, अडलं की उघडायचं. या पत्रांचा मायना ठरलेला असतो. 'राजमान्य राजश्री', 'विनंती उपरी', 'येथील कुशल जाणोन', शेवटी 'बहुत काय लिहिणे'. काय लिहिलंय ते आधीच माहीत असल्यामुळे त्यावरून अक्षरं ओळखता येतात, आणि त्या अक्षरांवरून मधला मजकूर. तारखेच्या ओळीत 'खमस सितैन मया व अलफ' असं दिसलं तर दचकू नका. पाच, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे शुहूर सन ११६५ (जुन्या मराठी कागदांतली, आकडे अरबी शब्दांत लिहायची कालगणना). त्यात जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीनंतर ६०० मिळवले की इसवी सन, १७६४-६५.

दुसरीकडे घरचा कागद. तो अख्खा वाचायच्या भानगडीत इतक्यात पडू नका. जमिनीचं खरेदीखत किंवा गहाणखत असेल तर त्यात बहुधा चतुःसीमा असते. पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस, उत्तरेस. हे चार शब्द जवळजवळ येतात आणि चारही 'स' वर संपतात. पहिल्या बैठकीत एवढेच चार शब्द शोधा. ते सापडले की त्या लेखनिकाच्या हातचे प, व, श, म, द, ण, उ, त, स तुमच्या ताब्यात आले, आणि 'र' ची निदान दोन सोंगंही ओळखीची झाली. ती अक्षरं एका चिठ्ठीवर जशीच्या तशी उतरवून घ्या. ही तुमची या कागदापुरती बाराखडी. छापील बाराखडीपेक्षा ती दसपट उपयोगी.

मग 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' शोधा, कारण त्यांच्या आगेमागे नावं असतात. नंतर एकदम शेवटी जा. तिथे 'साक्ष' हा शब्द पुन्हा पुन्हा येईल आणि त्याच्याबरोबर माणसांची नावं. ज्याला सही येत नव्हती त्याने नांगर काढलेला असतो, शेजारी 'निशाणी नांगर' असं लेखनिकाने लिहिलेलं. नांगराचं ते चित्र दिसलं की शेजारचे दोन शब्द आपोआप लागतात. आडनावं तुमच्याच माहेरच्या गावातली असणार, ती तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर सुटतील. हे झालं की मधला मजकूर हळूहळू उलगडतो. त्यात क्षेत्र आणि रक्कम येईल, पण आकडे देवनागरीच्या फार जवळचे असतात, तिथे फारसा त्रास नाही.

'मोडी शिकणे' या संकल्पाचा आढावा किती धडे झाले यावर घेतलात तर पुन्हा फसाल. त्याऐवजी महिन्यातून एकदा अशी चाचणी घ्या. पूर्वी कधीही न पाहिलेल्या पानाच्या दहा ओळी, समोर घड्याळ, अर्धा तास. देवनागरीत उतरवत जायचं. न लागलेल्या अक्षराच्या जागी टिंब. अंदाजाने लावलेल्या शब्दाखाली रेघ. अर्ध्या तासाने थांबायचं, कागदावर तारीख घालायची आणि फाइलला लावायचं. पहिला कागद टिंबांनी भरलेला असेल. सगळ्यांचा असतो. पुढच्या महिन्यात नवीन पान घ्यायचं, जुनं नाही. जुनं तोवर पाठ झालेलं असतं आणि पाठ झालेलं पान आपल्याला मोडी येते असा खोटा भरवसा देतं. टिंबं कमी झाली का, आणि रेघा मारलेल्यांपैकी किती अंदाज बरोबर निघाले, एवढंच बघायचं. रेघांकडे जास्त लक्ष द्या. चांगला मोडी वाचक आणि कच्चा वाचक यांत फरक असतो तो अंदाज किती सावधपणे केला याचा. जमिनीच्या कागदात अंदाज चुकला तर एखाद्याचा हिस्सा इकडचा तिकडे होतो.

२०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तसा मोडी जाणणाऱ्यांना एकदम भाव आला आणि आमच्यासारख्यांच्या वर्गांत खुर्च्या कमी पडायला लागल्या. त्यांतले पुष्कळ जण महिन्याभरात गळाले. टिकले ते बहुतेक घरचा एखादा कागद पिशवीत घेऊन आलेले. तुमच्याकडे तो आहे. शक्य असेल तर एखादा वर्ग गाठा. पुण्यात १९१० सालापासूनचं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, राज्याच्या पुराभिलेख विभागातर्फेही मोडीचे वर्ग होतात. वर्गाचा मुख्य उपयोग शिकवण्यापेक्षा अडल्यावर विचारायला माणूस मिळण्यात आहे. एका अक्षरापाशी घरी तीन रात्री जातात, तिथे वर्गात कुणीतरी 'अहो, तो ळ आहे' म्हणतं आणि गाडं पुढे सरकतं.

सीएआयआयबीबद्दल अधिकाराने बोलावं असं मला काही नाही. अभ्यासिकेत बसणारे बँकवाले बघून जे कळतं तेवढंच. चार सक्तीचे आणि एक ऐच्छिक असे पाच पेपर. पास होणारे आधीचे दोन-तीन महिने बाकी सगळं मिटवून बसतात. रोजच्या अर्ध्या तासात ते होणारं नाही आणि ते या यादीत होतं हीच मुळात गडबड. ठरलेल्या तारखेची परीक्षा ही नोकरीचा भाग आहे, तिला नोकरीसारखाच वेळ काढावा लागतो: रजा, घरच्यांशी बोलणं, सगळं आलं. वर्षअखेरच्या सत्राला बसायचं असेल तर मोडी आणि पुस्तकं दोन्ही तोवर बंद ठेवा, त्यात काही बिघडत नाही. तसं नसेल तर यंदाच्या यादीतून परीक्षा पुसून टाका आणि पुढच्या वर्षीच्या पहिल्या सत्रासाठी जानेवारीत नव्याने विचार करा. तुम्ही यंदा बसणार नाही असं धरून मी पुढचं लिहितो.

अठरा आठवडे उरलेत. त्यातून गणपतीचा एक, सप्टेंबरअखेरच्या अर्धवार्षिक क्लोजिंगचा एक, नवरात्रातला एक आणि दिवाळीचे दोन वजा करा. उरले १३. हे आधीच वजा करायचं असतं. दिवाळीत वाचन झालं नाही म्हणून दिवाळीनंतर हळहळण्यापेक्षा ऑगस्टातच दिवाळीची सुट्टी लावलेली बरी. रोज रात्रीचा अर्धा तास मोडीला दमलेल्या डोळ्यांनी चालत नाही, पुस्तकाला चालतो. म्हणून पाच रात्री पुस्तक, दोन रात्री मोडीचा हलका सराव, म्हणजे त्या चिठ्ठीवरची अक्षरं किंवा लिप्यंतर असलेलं एखादं पत्र. मुख्य बैठक दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी. बँकेला सुट्टी असते. त्या सकाळी मुलीला तिच्या बाबांनी दोन तास बागेत न्यावं, हे घरी आजच ठरवून टाका. सणवार सोडून असे सहा शनिवार मिळाले तरी १२ तास झाले. रात्रींचे १३ मिळून मोडीला २५ तास. एक खरेदीखत लावायला आणि तीन चाचण्यांना एवढे तास पुष्कळ आहेत.

पुस्तकांना उरतात साडेबत्तीस तास, म्हणजे साधारण ९७५ पानं. उशाशी राहिलेली दोन पूर्ण होतील, शिवाय दोन-तीन नवी. वर्षाचा आकडा दहा-अकराच्या घरात. ४० च्या पुढे तो लाजिरवाणा वाटेल, पण नोकरी आणि लहान मूल सांभाळणाऱ्या बाईचे हे साडेतीन तास आहेत, त्यात जेवढी पानं बसतात तेवढीच बसणार. आणि नोव्हेंबरात दिवाळी अंक येतील. ते मोजायचे का, असं लोक मला दबक्या आवाजात विचारतात. १९०९ साली का. र. मित्रांच्या 'मनोरंजन' पासून आपल्याकडे ही प्रथा आहे, आणि चांगला अंक दोनशे पानांच्या पुढे जातो. अर्थात मोजायचे. उलट त्या महिन्यात जाड कादंबरी हाती धरूच नका. वाचनालयाची दिवाळी अंक योजना असेल तर तीच घ्या, परतीची तारीख डोक्यावर असल्यामुळे अंक वाचून होतात.

मधल्या सुट्ट्यांची भीती बाळगू नका. सवय २१ दिवसांत लागते हे जे सांगितलं जातं त्याला काही आधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांचा अभ्यास केला होता, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडायला साधारणपणे ६६ दिवस लागतात असं निघालं, आणि माणसागणिक अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. त्यातच हेही दिसलं की एखादा दिवस चुकला तर सवयीचं विशेष नुकसान होत नाही. एखाद्या दिवसाचं ठीक आहे, पण ओळीने दहा दिवस गेले की माणूस 'आता पुढच्या महिन्यापासून' म्हणतो. त्यावर उपाय एकच, परत सुरू करायचा दिवस सुट्टी लागायच्या आधी कॅलेंडरवर लिहून ठेवायचा. अनंत चतुर्दशीनंतरचा सोमवार. भाऊबीजेनंतरचा सोमवार. त्या रात्री नवीन पुस्तक सुरू करायचं नाही, अर्धवट असलेलंच उघडायचं.

बारा महिन्यांचा संकल्प ही मुळात फार लांबलचक गोष्ट आहे. आपल्याकडे चातुर्मासाचे नेम चालत आलेत, ते बघा. आषाढीला सुरू, कार्तिकीला उद्यापन. एक ठरावीक गोष्ट, ठरावीक वेळ, ठरावीक जागा. पोथी वाचणाऱ्या बायका रोज एक अध्याय वाचायच्या. वर्षाला पोथ्या किती झाल्या हे कुणी मोजत नसे. दासबोधाचे २०० समास रोज एक या गतीने साडेसहा महिन्यांत होतात आणि वाचणाऱ्याला घाई झालेली दिसत नाही. नेम धार्मिकच हवा असं माझं म्हणणं नाही, पण चार महिन्यांचं माप मला पटलेलं आहे. आमच्या वर्गात मीही एका वेळी चार महिन्यांच्या पलीकडचं ठरवू देत नाही. पुढच्या चाचण्यांच्या तारखा म्हणून दसरा आणि कार्तिकी एकादशी धरा, तिसरी डिसेंबरच्या चौथ्या शनिवारी. दसऱ्याला पुस्तकांची पूजा होतेच, त्याच दिवशी दहा ओळींचं पान लावा. सणाच्या गडबडीत अर्धा तास मिळाला नाही तर दुसऱ्या दिवशी.

शेवटचं, कागदांविषयी. सराव मूळ कागदावर करू नका. खिडकीजवळ, थेट ऊन न पडेल अशा जागी, फोन कागदाच्या बरोबर वर धरून फोटो काढा. शाई फिकी असेल तर बाजूने उजेड पडू दे. फोटोत अक्षर मोठं करून बघता येतं आणि घडीत दबलेली ओळही बऱ्याचदा दिसते. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावायची नाही, लॅमिनेशन तर मुळीच नाही; दोन्हींनी कागद कायमचा जातो. घड्या उलगडून मऊ सुती कापडात किंवा आम्लरहित कागदात सपाट ठेवा आणि ट्रंकेत डांबराच्या गोळ्या असतील तर काढून टाका. चतुःसीमेचे चार शब्द सापडले आणि तरी पुढचं अडलं, तर तेवढ्या ओळींचा फोटो पाठवा. नावं आणि सर्व्हे नंबर झाकून पाठवा.